काम कधीच बंद पडू नये म्हणून काही खात्रीचे सल्ले

दोन फ्रीलान्सर एकत्र आले की एकच रडगाणं सुरू होतं, काम नाही, क्लायंट मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. काय राव, पुण्यात राहून डिझायनरला काम मिळत नाही म्हणजे कमालच झाली! प्रत्येक चौकात फ्लेक्स, दर आठवड्याला कोणाचा तरी वाढदिवस, गल्लोगल्ली मंडळं, क्लासेस, मिसळवाले, सगळ्यांना लोगो हवाय आणि तोही आजच हवाय. कामाला तोटा कधीच नव्हता. फक्त एकच पथ्य आहे, पैशाचा विषय काढायचा नाही. तेवढं पाळलंत की क्लायंट तुम्हाला सोडून जाणार नाही, तुम्ही म्हणालात तरी जाणार नाही.

सुरुवात रेटपासून करा. समोरच्याने विचारलं "किती होतील?" तर आकडा चुकूनही सांगायचा नाही, "तुम्हीच बघा काय ते, घरचंच काम आहे" असं म्हणून कसनुसं हसायचं. मग तो ५०० रुपये म्हणेल. घ्या. कारण आपल्याकडे काम येतं ते ओळखीतून, आणि ओळखीतून नुसतं नाव जात नाही हो, रेटपण जातो. त्याचा मेव्हणा फोन करेल, "भाऊंचं ५०० मध्ये केलंत ना, आमचं तर त्याहून सोपंय". मेव्हण्याचा पार्टनर करेल, मग पार्टनरच्या बायकोचं ब्युटी पार्लर. पहिला आकडा एकदा नीट पाडून ठेवला की पुढची पाच वर्षं भाव ठरवायची कटकटच उरत नाही. हे मार्केटिंगवाले ज्याला ब्रँड म्हणतात ना, तो हाच.

आता सगळ्यात भरवशाचं काम, फ्लेक्स. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत बसले, म्हणजे तेव्हा शहरात नगरसेवक नव्हते, पण भावी नगरसेवकांचे वाढदिवस एक दिवस थांबले का? नाही. मंदी येईल, एआय येईल, भावी लोक राहणारच. यांचं काम रात्री साडेदहाला येतं. व्हॉट्सॲपवर आधी तीस-पस्तीस फोटो पडतात, त्यातले निम्मे लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेले, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात, एक आधार कार्डाचा फोटो काढून पाठवलेला. मग सूचना. साहेबांचा फोटो वर, दादांचा मध्ये, पण दादांचा साहेबांपेक्षा मोठा दिसायला नको आणि अण्णांपेक्षा लहान दिसायला नको. खाली शुभेच्छुकांची रांग. अकरा वाजता कळतं की रांगेतल्या तिसऱ्याचं आणि सातव्याचं पटत नाही, त्यांना लांब ठेव. साडेअकराला सातवा काढून टाक म्हणतात, तो पलीकडे गेला. पावणेबाराला परत घे म्हणतात, आला परत. फ्लेक्सवाला खाली मशीन बंद करायच्या बेतात असतो आणि त्याचा वेगळाच फोन चालू असतो, "फाइल टाक ना बाबा, मला पण घर आहे". अशा वेळी तुम्ही काय करायचं? अजून एक ऑप्शन बनवून ठेवायचं, भगव्या बॅकग्राउंडचं, कोणी मागितलेलं नसताना. सकाळी चौकात फ्लेक्स लागल्यावर भाऊंचा मेसेज येतो, नुसते दोन हात जोडलेले. त्याला पावती समजा आणि जपून ठेवा.

मजकुराचं तर विचारूच नका. क्लायंट मोबाइलवर टाइप करून पाठवतो, ते युनिकोड, म्हणजे मोबाइलवरची आजची देवनागरी, तुमच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये बसलाय श्रीलिपीचा युनिकोडशी न जुळणारा फॉन्ट, पेस्ट केलं की नुसता कचरा. फोटोशॉपमध्ये घ्यावं तर भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू केलेलं नसलं की "हार्दिक" चा रफार भलतीकडे जातो, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. ते सगळं तुम्ही परत हाताने टाइप करता, वर त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका गपचूप दुरुस्त करता. यातलं काहीही बिलात लिहायचं नाही. टायपिंग आणि प्रूफचे वेगळे पैसे लावणारे लोक असतात म्हणे, पण त्यांचे संबंध कसले, नुसता व्यवहार. आणि हो, दुरुस्त केलेलं "शुभेच्छा" बघून क्लायंटने "आमच्यात असं नाही लिहीत" म्हटलं तर परत चूक करून द्या.

काम झालं की तो म्हणेल, "सीडीआर पण पाठवून ठेव", म्हणजे कोरलड्रॉची मूळ, बदलता येणारी फाइल. लगेच पाठवा, अशी ओपन फाइल द्यायचे वेगळे पैसे असतात, आधी अर्धा ॲडव्हान्स घेतात, किती करेक्शन फुकट ते आधी लिहून घेतात, वगैरे गोष्टी परदेशात होत असतील. फाइल मिळाली की पुढच्या वर्षी त्याचा भाचा त्यात तारीख बदलेल, तुमचा फॉन्ट त्याच्याकडे नसेल, सगळं फुटेल आणि ते नीट करायला फोन तुम्हालाच येईल. बघा, हे असं काम टिकतं!

थोडं वरच्या दर्जाचं काम हवं असेल तर दिवाळी अंक आहेत. १९०९ पासूनची परंपरा, महाराष्ट्राचं वैभव, त्यात मांडणीकार म्हणून शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाव. श्रावणात फोन येतो, गणपतीत मजकूर येतो, तो अर्धाच, जाहिराती शेवटच्या रात्रीपर्यंत येत राहतात आणि प्रत्येक जाहिरात आली की कथा दोन पानं पुढे ढकलायची. मानधन जाहिरातींचे पैसे आले की. जाहिरातदार म्हणतो अंक विकला की. विक्रेता म्हणतो परतीच्या प्रतींचा हिशोब झाला की. इतक्या थोर परंपरेत तुम्ही मध्येच माझं काय म्हणून विचारणार, बरं दिसतं का ते?

ज्यांना परदेशी क्लायंटची हौस आहे त्यांनी फायव्हर नावाच्या फ्रीलान्स कामांच्या साइटवर जावं. ५ डॉलरचं काम केलं की २० टक्के ते घेतात, ४ डॉलर तुमचे. अपवर्क या तसल्याच दुसऱ्या साइटवर तर कामासाठी अर्ज करायलाच कनेक्ट्स नावाची टोकन लागतात आणि ती विकत घ्यावी लागतात, म्हणजे काम मिळायच्या आधीपासूनच तुम्ही पैसे देताय. आपले भाऊ निदान अर्ज करायचे पैसे मागत नाहीत.

आता एक धोक्याची सूचना. काही आगाऊ लोक तुम्हाला सांगतील की उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी कर, ऑनलाइन होते, फुकट आहे. करू नका. मायक्रो उद्योगाची मर्यादा वर्षाला १० कोटींची उलाढाल, त्यात तुम्ही बसता, काळजी नसावी, पण एकदा नोंदणी झाली की २००६ चा एमएसएमई कायदा, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा, अंगाला चिकटतो. काम दिल्यावर १५ दिवसांत पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. वरून २०२३ च्या बजेटात आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घुसवलं, की मायक्रो आणि स्मॉल उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी दाखवता येणार नाही, देईल तेव्हाच दाखवायचा. म्हणजे मार्च आला की क्लायंटचा सीए स्वतःच क्लायंटच्या मागे लागणार, त्या डिझायनरचे देऊन टाका म्हणून. किती वाईट दिसेल! बिलाखाली उद्यम नंबर छापणं म्हणजे तर सरळ अपमानच. तक्रारीसाठी सरकारी पोर्टलही आहे, त्याचं नावसुद्धा घरात काढू नका.

बिल पाठवायचंच असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवा, खाली "सवडीने बघा" लिहा आणि पाठवल्यावर दोन मिनिटांत डिलीट करून टाका. त्याने "काय डिलीट केलंस?" विचारलं तर सांगा, चुकून आलं होतं. कंपनी क्लायंट असेल आणि टीडीएस कापलाय म्हणाला तर विश्वास ठेवा, इन्कम टॅक्सच्या साइटवर जाऊन तो खरंच भरलाय का ते तपासायचं नाही, माणसाने माणसावर असा संशय घेऊ नये.

बाकी नवरात्राचे नऊ रंगांचे नऊ पोस्ट या आठवड्यात येतीलच, गणपतीच्या वेळचं बाकी आहे, ते दिवाळीनंतर बघू म्हणालेत. कुठल्या दिवाळीनंतर ते मात्र विचारायचं नाही.