संस्थापकांचं ते 'एकमत' होतं कधी?

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सरकार लहानात लहान असावं यावर अमेरिकेच्या संस्थापकांचं एकमत होतं. 'जे सरकार कमीत कमी राज्य करतं ते उत्तम' असं त्यांच्यातलाच एक, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन म्हणून गेला. राज्यघटना केंद्राला वेसण घालण्यासाठीच लिहिली गेली, आणि पक्षबाजी मात्र नंतरच्या पुढाऱ्यांनी आणली. मजकूर सुबक आहे. अडचण एवढीच की त्यातला एकही दावा धड टिकत नाही.

आधी ते वाक्य. जेफरसनच्या पत्रांत किंवा लेखनात ते सापडलेलं नाही. जवळपास याच शब्दांतलं ब्रीद १८३७ मध्ये एका अमेरिकी मासिकानं छापलं आणि १८४९ मध्ये लेखक थोरोनं ते उचललं. जेफरसन वारला १८२६ मध्ये.

आता घटनेचं. कमकुवत केंद्र अमेरिकेनं आधीच करून पाहिलं होतं. तेरा राज्यांना जोडणाऱ्या १७८१ च्या करारानुसार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर लावता येत नसे. राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. आयातीवर पाच टक्के जकात बसवायचा प्रस्ताव आला, तर एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि तो बारगळला, कारण करार बदलायला तेराही राज्यांचा होकार लागे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी बंड करून उठले, तेव्हा केंद्राकडे ना पैसा होता ना फौज. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात घटना लिहायला माणसं जमली ती केंद्राला बळ देण्यासाठी.

किती बळ द्यायचं, यावर मात्र तिथेच फाटाफूट झाली. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर हॅमिल्टननं १८ जूनच्या लांबलचक भाषणात राष्ट्रप्रमुख आणि सिनेटर चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर तहहयात असावेत असं सुचवलं. ते कोणी उचलून धरलं नाही. राज्यांचे कायदे रद्द करायचा अधिकार केंद्राला हवा, हा व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनचा आग्रहही फेटाळला गेला. व्हर्जिनियाच्याच जॉर्ज मेसननं शेवटी सही नाकारली. पॅट्रिक हेन्री तर बैठकीला गेलाच नाही. त्यानं व्हर्जिनियात घटनेविरुद्ध रान उठवलं, आणि तिथे ती ८९ विरुद्ध ७९ मतांनी कशीबशी मंजूर झाली. न्यूयॉर्कमध्ये आकडा होता ३० विरुद्ध २७. याला एकमत म्हणायचं? ज्याच्या नावावर हा सगळा मजकूर खपवला जातो तो जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. सत्तेवर अंकुश हवा ही भावना मात्र खरी होती. १७९१ ची हक्कांची सनद, म्हणजे घटनेतल्या पहिल्या दहा दुरुस्त्या, विरोधकांच्या रेट्यामुळेच आली.

खरी लढाई त्याच वर्षी हॅमिल्टनच्या राष्ट्रीय बँकेच्या प्रस्तावावरून जुंपली. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात हॅमिल्टन अर्थमंत्री, जेफरसन परराष्ट्रमंत्री. जेफरसननं तेव्हा मंजुरीच्या वाटेवर असलेल्या दहाव्या दुरुस्तीवर बोट ठेवलं: जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा जनतेचे, आणि बँक काढण्याचा अधिकार कुठेच लिहिलेला नाही. बँक सोयीची असेल, पण तिच्यावाचून अडतं कुठे? हॅमिल्टनचं उत्तर असं की कर गोळा करणं, कर्ज उभारणं ही कामं घटनेनं दिली, तर ती करण्याची साधनंही दिली. जे साधन त्या कामाशी सरळ जोडलेलं आहे आणि ज्याला घटनेची मनाई नाही ते वैध. वॉशिंग्टननं दोघांचं म्हणणं वाचलं आणि २५ फेब्रुवारीला विधेयकावर सही केली. संसदेत बँकेविरुद्ध बोलण्यात आघाडीवर होता मॅडिसन! तीनच वर्षांपूर्वी घटनेच्या समर्थनार्थ हॅमिल्टनसोबत लेखमाला लिहिणारा तोच मॅडिसन.

पक्षबाजी नंतर आली म्हणता? फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला जेफरसननं आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार नेमलं, आणि फ्रेनोनं १७९१ मध्ये काढलेलं वर्तमानपत्र हॅमिल्टनवर तुटून पडू लागलं. दोघे एकाच मंत्रिमंडळात बसत असताना! वॉशिंग्टनच्या १७९६ च्या निरोपपत्रात पक्षांविरुद्ध इशारा आहे खरा. पण त्या पत्राचा पहिला मसुदा मॅडिसनचा आणि नंतरचा हॅमिल्टनचा, म्हणजे दोन्ही गटांच्या म्होरक्यांचा. यावर वेगळं काय बोलायचं.

आणि सत्ता हाती आल्यावर? राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसननं १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियाना हा अफाट प्रदेश विकत घेतला. यासाठी घटनादुरुस्ती हवी असं त्याचं स्वतःचं मत होतं, मसुदेही केले होते; सौदा हातचा जाईल म्हणून ते बाजूला ठेवले. १८०७ मध्ये त्यानं अमेरिकी जहाजांना परदेशी बंदरांकडे निघायलाच बंदी केली. लहान सरकारला एवढा लांब हात कुठून? मॅडिसननंही राष्ट्राध्यक्ष असताना १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेवर सही केली. (स्वतंत्र शेतकऱ्याचे गोडवे गाणाऱ्या जेफरसननं आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली, हेही तो मजकूर सांगत नाही.)

उरतो तो न बोललेला दावा: संस्थापकांना जे हवं होतं तेच आज आपल्यावर बंधनकारक. जेफरसनला हे मान्य नव्हतं. एका पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा हक्क नाही, हे त्याचं मत डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आपल्या संविधान सभेत उद्धृत केलं होतं. सप्टेंबर १७८९ मध्ये त्यानं मॅडिसनला लिहिलं होतं की कुठलीही घटना एकोणीस वर्षांनी आपोआप संपावी. मॅडिसनला तेही पटलं नाही. त्यानं उत्तर धाडलं: गेलेल्यांनी जी सुधारणा करून ठेवली तिचा लाभ आजचे घेतात, मग तिचं देणंही त्यांच्याकडे लागतं.