गोदाघाटाची ऑर्डर मी का नाही घेतली

परवा एका ओळखीच्या इंटिरियरवाल्यांचा फोन आला, हॉलसाठी दोन पेंटिंग पाहिजेत, गोदाघाट काढून दे, पाण्यात दिवे, थोडं गोल्डन टाक, पैसे लगेच. मी नाही म्हणाले. घरात सगळे गप्प झाले, कारण त्या पैशात माझा तीन महिन्यांचा रंग-कॅनव्हासचा खर्च निघाला असता.

गोदाघाटाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नाशिकला जलरंगाची केवढी परंपरा आहे, शिवाजी तुपे सरांची निसर्गचित्रं बघत आम्ही मोठे झालो. मी स्वतः कॉलेजात असताना दर रविवारी पहाटे बोर्ड घेऊन नारोशंकराच्या देवळासमोर बसायचे, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून त्या काळ्या दगडाचा ग्रे शोधायचे. हात तिथेच तयार झाला. पण चित्राखालची सही झाकली की ते माझं की शेजारी बसलेल्या मैत्रिणीचं, हे मलाच सांगता यायचं नाही.

माझं चित्र मला निफाडला सापडलं, मामाच्या कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या बांबूच्या शेडमध्ये. दुपारी बांबूच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या कांद्यावर पडतात ना, तेव्हा वरची सुटलेली पत्ती अगदी पारदर्शक होते आणि तिच्याखालचा कांदा ना धड गुलाबी दिसतो ना तपकिरी, तो रंग मी चार वर्षं शोधतेय, अलिझरिन क्रिमसनमध्ये जरासं यलो ऑकर, अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर, सुकला की परत थर, असे सात-आठ तरी होतात आणि तरी कुठेतरी राहतंच. लोक म्हणतात तेच तेच काढतेस. हो, काढतेय. एकच गोष्ट परत परत काढताना हात काही गोष्टी चुकवतो, त्यातल्या काही आपल्याला दुरुस्त कराव्याशाच वाटत नाहीत, मला वाटतं स्टाइल तिथूनच येते, मोबाइलवर दुसऱ्यांचे रील्स बघून ठरवता येत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं उदाहरण सगळे देतात, 2013 ला मुंबईत त्यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं म्हणून. अहो पण ते गेले 2001 मध्ये! रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन, वर्षाला मोजकीच चित्रं करत बसले, तेव्हा समोर हा आकडा नव्हता. नवीन मुलांना आकडा सांगण्याऐवजी ते बसणं सांगा.

पैशाची गरज मलाही आहे, मी क्लास घेते, शाळांच्या भिंती रंगवून देते, मन लावून करते. पण कॅनव्हासवर माझ्या नावाने दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेला घाट नको.

मागच्या प्रदर्शनाला मामा आले होते, आयुष्यात पहिल्यांदा असं चित्रांचं प्रदर्शन बघत होते. मोठ्या कॅनव्हाससमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा आत्ताच भरलेला दिसतोय गं, पत्ती अजून सुटली नाही."

ते चित्र विकलं गेलं नाही, माझ्या खोलीत आहे. उन्हाळ कांदा भरायला सुरुवात झालीये, शनिवारी परत निफाडला जातेय.