समाजसेवक म्हणे!

परवा शाल पुन्हा त्याच माणसाच्या खांद्यावर पडली.

जत तालुक्यातल्या एका गावात बालविवाह रोखण्याचा कार्यक्रम होता. त्याआधी आठ दिवस हेलपाटे कुणी घातले? मी. सांगलीतून जत, जतमधून दुसरी एसटी (बायकांना अर्धं तिकीट, सरकारचं पाठबळ म्हणतात ते एवढंच), मग उन्हातनं घरोघर. निम्म्या घरात कन्नड, म्हणून शेजारच्या पोरीला दुभाषी करायचं. ऊसतोडीला जाणारी एक आई म्हणाली, "मॅडम, आम्ही सहा महिने फडावर. वयात आलेली पोर कुणाच्या जिवावर ठेवू?" तिच्या तोंडावर २००६ चा कायदा फेकून भागतं होय? आजीला विचार, चुलतीला समजाव, वसतिगृहात जागा आहे का बघ, हेडमास्तरांना भेट. एक लग्न पुढे ढकलायला असे धा उंबरे झिजवायला लागतात. बोलायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे शिकायला एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, दोन वर्षं घातलीत मी. फील्डवर्क केलंय. फुकट नाही आलं ते.

आणि स्टेजवर कोण? "ज्येष्ठ समाजसेवक"! धंदा प्लॉटिंगचा. पांढरा कडक शर्ट, शाल, श्रीफळ, पाऊण तास भाषण. मला काय सांगितलं? "मॅडम, चहाचं तेवढं बघून येता का?"

विश्रामबागपासून मिरजेपर्यंत वाढदिवसाचे फ्लेक्स वाचत जा एकदा. युवा उद्योजक, समाजसेवक. दादांचे कट्टर समर्थक, समाजसेवक. २०१९ च्या महापुरात बिस्किटाचे चार पुडे वाटले, त्यावर अजून चाललंय. वाटले ते चांगलंच केलं, पण म्हणून माझा पेशा तुमच्या नावाला चिकटवायचा?

कुणीही चिकटवू शकतो, हीच तर गोम आहे. नर्ससाठी १९४७ चा कायदा, फार्मासिस्टसाठी १९४८ चा, वकिलांसाठी १९६१ चा. नोंदणी नसताना काळा कोट घालून कोर्टात उभं राहून दाखवा. समाजकार्याचं शिक्षण मात्र मुंबईत टाटांच्या संस्थेत १९३६ मध्येच सुरू झालं, या सगळ्या कायद्यांच्या आधी, आणि आम्हा सगळ्यांना एका नोंदवहीत घेणारी राष्ट्रीय परिषद अजून नाही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात दवाखान्यातल्या आणि मानसोपचारातल्या समाजकार्यकर्त्यांना जागा दिली. बाकीचे आम्ही काय गावजेवणाला आलोय?

बाल न्याय मंडळाचं तर ऐकाच. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं तिथं चालतात. मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात. २०१५ च्या कायद्याचं कलम ४ काढून वाचा. मुलांसाठी सात वर्षं काम केलेला माणूस चालतो, नाहीतर बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेला व्यावसायिक चालतो. पद समाजकार्यकर्त्याचं, आणि पदव्यांच्या यादीत समाजकार्यच नाही! सुताराची जागा भरायची, अर्ज लोहाराचा चालेल, गवंड्याचा चालेल. सुताराचं नाव लिहायचंच राहिलं.

आमचे मामा दर दिवाळीला विचारतात, "समाजसेवा करतीस आणि वर पगार मागतीस व्हय गं?" मामा, पगार नाही हो, मानधन. त्यातला मान प्लॉटिंगवाल्याला गेला आणि धन दोन महिने झाले यायचंय. करार ११ महिन्यांचा. मग खंड, मग नवा करार, स्टॅम्प पाचशेचा आणि तोही आपल्याच खिशातनं. दहा वर्षं काम केलेली बाई दर वर्षी नवीनच असते. मामांचा भाचा बँकेत आहे, त्याला कुणी म्हणत नाही की बाबा, लोकांचे पैसे सांभाळणं पुण्याचं काम, फुकट कर.

आज सकाळी ऑफिसातनं फोन. म्हटलं, मानधन आलं. नाही. जतच्या कार्यक्रमाचा अहवाल उद्यापर्यंत पाहिजे, फोटोसकट, फोटोत कर्मचारी दिसले पाहिजेत. सगळे फोटो उलथेपालथे करून बघितले. एकातही मी नाही. चहाचं बघायला गेले होते ना.