भोसल्यांचा घोडा आणि पितळी तोटी

नागपूरच्या इतवारीतल्या एका हार्डवेअरवाल्याने मला गोंद विकायला चक्क नकार दिलाय. उधार नव्हतो मागत, रोख नोटा हातात होत्या.

प्रकरण एवढंच की मी भोसले आणि इंग्रजांमधली सीताबर्डीची १८१७ ची लढाई चिमुकल्या सैनिकांत मांडतोय. बोटभर घोडेस्वार, प्रत्येकाच्या तळाशी नखाएवढं निओडिमियम चुंबक, म्हणजे पत्र्याच्या डब्यात ते उभे राहतात. राहायला हवेत. झटपटवाल्या ट्यूबने लावलं की घोडा हातात येतो आणि चुंबक पत्र्यावरच ठाण मांडून बसतं. चुंबकावरचा निकेलचा मुलामा गुळगुळीत, आणि तो गोंद वाळला की कडक पण ठिसूळ; झटका बसला की सुटलाच. सायनोॲक्रिलेट त्याचं नाव. १९४२ साली अमेरिकेत बंदुकीच्या निशाणासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे सापडलं आणि भलतंच सगळ्याला चिकटतं म्हणून बाजूला टाकलं. तक्रार खरी होती, माझ्या बोटांना विचारा. हवं तिथे सोडून सगळीकडे चिकटतं.

म्हणून दोन नळ्यांतलं कालवून लावायचा इपॉक्सी गोंद घ्यायला गेलो.

"पोट्ट्याचा प्रोजेक्ट हाय का?" दुकानदाराने विचारलं.

रंग घ्या, ब्रश घ्या, पॉलिश पेपर घ्या, हा पोट्टा प्रत्येक काउंटरवर माझ्याआधी हजर. पन्नाशीच्या माणसाने पानठेल्यावर दोन तास घालवले तर कोणी विचारत नाही की पोट्ट्यासाठी उभे आहात का. "नाही, माझंच आहे," म्हणालो, तर सगळे वळून बघायला लागले.

शेजारी एक काका नळाची तोटी घेत होते.

"कशाले चिपकवून राह्यले भाऊ?"

"घोड्याला चुंबक."

"घोड्याले?" काकांनी पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवणारा माणूस लवकर जात नसतो. "घोडा आपला का इंग्रजायचा?"

"भोसल्यांचा."

"मंग पडला तं पडू द्या ना! तसेही हारलेच होतो आपण."

दुकान हसलं. शिडीवर चढलेला नोकरसुद्धा. मी सांगू लागलो की लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर अशी दोन दिवस चालली, सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी आपल्या बाजूच्या अरब शिपायांनी घेतलीही होती. कोणाला ऐकायचं होतं? काकांना चुंबक पाहायचं होतं. मी खिशातली पुडी सोडली. त्यांनी एक उचललं, उलटंपालटं केलं, आणि सहज म्हणून आपल्या चकचकीत नव्या तोटीला लावलं.

खट.

काकांनी ते ओढून काढलं आणि परत लावलं. खट.

"काहून भाऊ," आवाज एकदम मऊ झाला, "पितळेची म्हणे ना? पितळेले चुंबक कवापासून चिपकाले लागलं?"

त्यानंतर दुकानात जे झालं त्यात माझा काहीही दोष नाही. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने पुढे केलं. "भाऊ, हे पाहा बरं", "भाऊ, माझी कडी". कोणी पैसे परत मागतोय, कोणी दुकानदाराच्या वडिलांचा जमाना काढतोय. दुकानदाराने त्या सगळ्यांना सोडून माझ्याकडे बोट केलं.

"तुम्ही निघा. गोंद संपला."

मागच्या फळीवर खोक्यांची चळत दिसत होती. लबाडी तोटीची आणि हाकलला मी.

काका बाहेर आले. माझं चुंबक मागितलं तर म्हणाले, "थांबा ना जी, घरचे नळ पाहून घेतो," आणि स्कूटर सुरू केली.

इपॉक्सी दुसऱ्या दुकानात मिळालं. चुंबकाची पाठ पॉलिश पेपरने खरवडायची, दोन्ही नळ्यांतलं सारखं घेऊन कालवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. चुंबकं लांब लांब ठेवायची, नाहीतर ओल्या गोंदासकट एकमेकांवर उड्या मारतात. हे या दुसऱ्या दुकानदाराने नाही सांगितलं. त्याने विचारलं, "पोट्ट्यासाठी का?"

"हौ," म्हणालो.

"कितवीत हाय?"

"सातवीत."

त्याने दहा रुपये कमी केले.