चेनींच्या आधी माँडेल होते

'उपराष्ट्राध्यक्षपदाला खरं वजन डिक चेनींनी मिळवून दिलं' हे अमेरिकी उपराष्ट्राध्यक्षांबद्दलचं लेखातलं वाक्य पटलं नाही. धाकट्या बुश यांचे उपराष्ट्राध्यक्ष असताना चेनींनी ते वजन वापरलं, ताणलंही. पण पाया घातला वॉल्टर माँडेल यांनी. डिसेंबर 1976 मध्ये, शपथविधीच्याही आधी, त्यांनी नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरना टिपण पाठवून उपराष्ट्राध्यक्ष म्हणून आपली भूमिका काय असावी ते मांडलं. एखादं खातं नको, सगळ्या विषयांवर सल्ला देण्याची मुभा हवी. कार्टरनी ते मान्य केलं. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय असलेल्या वेस्ट विंगमध्ये खोली, गुप्तचर अहवाल आणि दर आठवड्याला दोघांचं एकत्र जेवण. वेस्ट विंगमध्ये कार्यालय मिळालेले ते पहिलेच उपराष्ट्राध्यक्ष. त्याआधीची मंडळी बहुतेक अंत्ययात्रांना हजेरी लावण्यापुरतीच!

लेखात माँडेल येतात ते फक्त 1984 मध्ये 49 राज्यं हरलेले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून. कर वाढवणार असं पक्षाच्या भर अधिवेशनात सांगणारा माणूस हरणारच म्हणा. पण 2002 च्या शरदात मी नोकरीनिमित्त माँडेल यांच्याच मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला होतो. तिथले सिनेटर वेलस्टोन फेरनिवडणूक लढवत असताना विमान अपघातात गेले आणि मतदानाला आठवडाही उरला नसताना 74 वर्षांचे माँडेल त्यांच्या जागी उभे राहिले. थोडक्यात हरले. आमच्या शेजारच्या आजोबांनी अंगणातली वेलस्टोन यांच्या प्रचाराची हिरवी पाटी निकालानंतरही काढली नव्हती. 'फ्रिट्झ' म्हणायचे ते माँडेलना, घरातल्यासारखं.