'उंटावरून शेळ्या' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तान्ह्या बाळांशी बोलण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. 'मताचा आदर आहे, धन्यवाद' एवढं लिहून सोडून दे असं घरचे म्हणतायत, पण मला ते जमणार नाही, कारण तुमच्याखाली सतरा जणींनी 'अगदी बरोबर' लिहिलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी लेख उघडूनही बघितला नसावा असं मला वाटतंय.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. लेखात माझं मुख्य म्हणणं एवढंच होतं की दीड-दोन वर्षांच्या आतल्या बाळाला शिकवण्यासाठी फ्लॅशकार्डं, मेंदू तल्लख करणारे व्हिडिओ, ॲप यातलं काही लागत नाही. तेल लावताना, आंघोळ घालताना, भरवताना त्याच्याशी बोला, त्याने आवाज काढला की थांबा, त्याला उत्तर द्या, आणि घरातल्या वाट्या-डबे त्याला खेळायला द्या. यावर ताई लिहितात, "घरी आजी आणि हाताशी वेळ असणाऱ्यांनी नोकरी करणाऱ्या आयांना शिकवू नये, हे उंटावरून शेळ्या हाकणं बंद करा, आम्ही सात वाजता घरी येतो, स्वयंपाक करायचा की बाळाच्या अं-ऊंला उत्तरं देत बसायचं?" पुढे अजून मुख्य तीन मुद्दे आहेत. त्यांच्या मुलीला कार्डांमुळे दीड वर्षात बऱ्याच देशांचे झेंडे ओळखता येतात, परदेशातलं संशोधन आपल्याला लागू नाही, आणि मोबाईल न देता एकटीने मूल सांभाळून दाखवा.

ताई, विरोध करा, हवा तेवढा करा. पण समोरची बाई कोण आहे, कशी राहिलीये, काही माहीत नसताना तिला परस्पर उंटावर बसवायचं ही कुठली पद्धत? 'तुमच्या घरी कोण असतं हो?' असं विचारलं असतंत तर मी सरळ सांगितलं असतं. विचारलं नाहीत, आता सांगते.

माझी मुलगी २०१३ ची. तेव्हा बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवडे असायची, २६ आठवड्यांचा कायदा २०१७ साली आला, म्हणजे आत्ताच्या आयांना निदान सहा महिने मिळतात (ज्यांना मिळतात त्यांना), मला ते मिळाले नाहीत. राहायला डोंबिवली, ऑफिस फोर्टला. सासूबाई गावी सासऱ्यांचं आजारपण काढत होत्या, माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. म्हणजे ज्या आजीबद्दल तुम्ही लिहिलंय ती आजी माझ्या घरात नव्हती. नवरा तिन्ही शिफ्टमध्ये. तीन महिन्यांची पोर पाळणाघरात ठेवून मी लोकलला लटकलेय, ऑफिसच्या बाथरूममध्ये उभं राहून दूध पिळून बेसिनमध्ये सोडलंय, ते ठेवायला फ्रीज नव्हता म्हणून. रात्री घरी यायला साडेसात-आठ व्हायचे आणि मग कुकर. तेव्हा वेळ नसणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये, आणि हे मी जरा चिडूनच लिहितेय हेही कळू दे.

आणि म्हणूनच तुमचं ते वाक्य मला उलटं वाटतं. तुम्ही म्हणता हे सगळं वेळ असणाऱ्यांसाठी आहे. अहो, वेगळा वेळ कार्डांना लागतो! बाळाला समोर बसवा, कार्डं पटापट पलटा, दिवसातून इतक्या वेळा करा, दर आठवड्याला संच बदला. मी जे लिहिलं ते तुम्ही तसंही करणारच असता त्या कामातलं आहे. बाळाला आंघोळ घालावीच लागते, लंगोट बदलावाच लागतो, मऊभात भरवावाच लागतो. त्यात बोलायला घड्याळातली वेगळी मिनिटं लागत नाहीत, फक्त तेवढा वेळ फोन बाजूला आणि लक्ष बाळाकडे.

आता आंघोळीचंच सांगते. माझ्याकडे बाळंतिणीची बाई वगैरे नव्हती, रविवारी आणि नवऱ्याची सकाळपाळी असली की सकाळी मीच पायावर घ्यायचे. पाय लांब करून पाटावर बसायचं, पोर नडग्यांवर, मान घोट्यांच्या खोबणीत, शेजारी बादली. डोक्यावरून पाणी घालायच्या आधी मी दर वेळी एकच बोलायचे, 'आता डोक्यावर पाणी हं,' मग एक क्षण थांबायचे आणि मग तांब्या. सुरुवातीला ती पाणी पडल्यावर दचकायची, रडायची. मग काही आठवड्यांनी असं व्हायला लागलं की मी 'आता डोक्यावर' एवढं म्हणलं की पाणी पडायच्या आधीच ती डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि श्वास धरायची. तांब्या अजून बादलीत आणि पोरीचे डोळे मिटलेले! म्हणजे तिने आवाज ओळखला, त्यानंतर काय होतं ते लक्षात ठेवलं, आणि त्याची तयारी केली. बोलता यायच्या कितीतरी आधी. याला शिकणं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आणि यात माझा जास्तीचा वेळ किती गेला तर तांब्या हातात धरून थांबले तेवढाच.

दिवसभराचं काय असं तुम्ही विचाराल. दिवसभर ती पाळणाघरात होती. तिथल्या काकू दहावीही झालेल्या नव्हत्या, एका हॉलमध्ये पाच-सहा पोरं. दुपारी त्या वाळलेले कपडे घेऊन बसायच्या आणि रांगणाऱ्या पोरांना भोवती घेऊन एकेक उचलायच्या, हे कुणाचं झबलं, हे पिवळं कुणाचं, हा मोजा कुठे गेला, दुसरा शोधा बरं. मी एकदा लवकर सुटून गेले होते तेव्हा हे दारातून बघितलं. माझी मुलगी मोजा तोंडात घालून बसली होती आणि काकू तिला म्हणत होत्या, 'गोड आहे का गं?' आणि खरंच थांबल्या होत्या तिच्या उत्तरासाठी. पोरीने तोंडातला मोजा काढून काहीतरी 'ब्बा' केलं. 'नाही? मग दे इकडे.' झाली की गप्पांची एक फेरी. काकूंनी कुठला कोर्स केला नव्हता आणि त्यांच्या हाताशी वेळ तर नव्हताच.

तुम्ही 'अपराधी वाटायला लावता' असंही लिहिलंय. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग आहे, आई बाळाशी खेळता खेळता दोन मिनिटं चेहरा एकदम दगडासारखा करते, काहीच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून, आवाज काढून, हात पुढे करून तिला परत आणायचा प्रयत्न करतं आणि मग कासावीस होतं. हे वाचून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण त्याच माणसाच्या कामात दुसरी गोष्टही आहे जी कुणी सांगत नाही: मजेत खेळणाऱ्या आई-बाळाचेसुद्धा सूर साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले असतात. बाकी वेळ चुकामूक होते, आणि परत जुळवून घेतलं जातं. ते परत जुळवून घेणंच बाळाला घडवतं. म्हणजे अख्खा दिवस बाळाच्या तोंडाकडे बघत बसा असं कोणी म्हणत नाहीये, मी तर नाहीच नाही. मग अपराधी का वाटावं? लेखात असं एक वाक्य दाखवा जिथे मी नोकरी करणाऱ्या बाईला नावं ठेवलीत. नाहीये. तुम्ही ते मनाने घातलंत आणि मग त्यावर चिडलात.

आणि ही सगळी आरामात बसलेल्यांची चैन आहे म्हणता, तर निदान आपल्याकडचा इतिहास तरी बघा. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर. पुढे काम डोंगरावर कोसबाडला गेलं, वारली मुलांमध्ये. त्या बायकांकडे वेळ होता का? उजाडलं की मजुरीला, गवत कापायला. मोठी मुलं शाळेत येईनात कारण धाकटी भावंडं सांभाळायची, म्हणून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी माँटेसरी साधनं परवडत नव्हती म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांच्यावर काम चालवलं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासाठीच हा सगळा विचार आपल्याकडे उभा राहिलाय ताई, फ्लॅटमधल्या आज्यांसाठी नाही. आत्ता २०२४ साली केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, त्यात वयाप्रमाणे १४० कृती आहेत, अंगणवाडी सेविकांनी घरोघरच्या आयांना दाखवायच्या म्हणून. त्यातल्या बऱ्याच आयाही कामाला जाणाऱ्या आहेत.

एक गोष्ट तुमची मान्य करते, मोकळ्या मनाने. 'खेळणी विकत आणूच नका' असं मी सरसकट लिहिलं होतं ते जास्तच कडक झालं. एखादा खुळखुळा, चेंडू, कापडी पुस्तक आणलं म्हणून काही बिघडत नाही. ते वाक्य बदललंय, बघून घ्या.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. संशोधन परदेशी आहे म्हणून सोडून द्यायचं तर लसीही सोडाव्या लागतील. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली सिएटलमधल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेलं काम मी लेखात दिलं होतं: समोर बसून चिनी बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. डोंबिवलीच्या बाळाला पडद्यावरून वेगळं कळत असेल असं मला वाटत नाही. मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, वर्षाच्या आत अजिबात नको. एकटीने सांभाळून दाखवा म्हणता, ते वर सांगितलंच.

झेंड्यांबद्दल एवढंच की तुमची मुलगी हुशार आहे आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं, पण ती कार्डांमुळे हुशार झाली हे यातून कळत नाही. बाळांना वाचायला शिकवणाऱ्या एका व्हिडिओ संचाची अमेरिकेत सुसान न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली होती, २०१४ साली छापून आली, सात महिने वापरूनही बाळं वाचायला शिकली नाहीत, आयांना मात्र वाटत होतं की शिकलीत. यावर मी आणखी वाद घालणार नाही, तुमचं मूल आहे. झेंडे दाखवताना ती तुमच्या मांडीवर असते ना, आणि 'हा कुठला गं?' म्हणून तुम्ही तिच्याकडे बघता ना? मग मी लेखात लिहिलेलंच तुम्ही करताय, फक्त मान्य करायचं नाहीये.

तुमची प्रतिक्रिया काढा असं दोघीतिघींनी सुचवलं होतं, मी काढणार नाही, आहे तशी राहील. पाळणाघर निवडताना तिथल्या बाईंना नेमकं काय विचारायचं, पोरं जागी असतात तेव्हा कोण त्यांच्याशी बोलतं, टीव्ही किती वेळ चालू असतो, हे एका वाचक आईने विचारलंय, त्यावर पुढच्या आठवड्यात लिहिणार आहे. तुमचा त्यातला अनुभव असेल तर जरूर लिहा, उपयोगच होईल. फक्त या वेळी लेख शेवटपर्यंत वाचून लिहा.