दरवाजे सांगता, मग पुरे का गाळता?

छत्रपती संभाजीनगरची ओळख करून देताना रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे एकच सांगतात, 'बावन्न दरवाजांचं शहर'. २०२३ मध्ये औरंगाबादचं नाव बदललं, त्यावरून घराघरांत वाद झाले, पण हे बिरुद कुणीच टाकलं नाही. 'पर्यटनाची राजधानी' ही पदवी सरकारनं दिली, ही मात्र लोकांची आहे. म्हणूनच ती अर्धी वापरलेली मला खटकते.

जुनी माणसं 'बावन्न पुरे, बावन्न दरवाजे' म्हणायची. पुरा म्हणजे शहरातली वस्ती. आपण दरवाजे ठेवले अन् पुरे गाळून टाकले. का? दरवाजाचा फोटो छान येतो. हॉटेलच्या भिंतीवर, लग्नपत्रिकेवर, प्रत्येक जाहिरातीत कमान असते. पुऱ्यात माणसं राहतात, नळाला पाणी कधी येतं याची वाट बघतात. त्याचं पोस्टर कोण करणार?

दरवाजे थोर आहेतच. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. पुढे १६८२ च्या सुमारास, मराठ्यांच्या धास्तीनं, औरंगजेबानं शहराला तट घातला. म्हणजे मुघलांना हरवल्याची कमानही इथंच आणि मुघलांचा तटही इथंच. दिल्ली गेट, पैठण गेट, मकाई (म्हणजे मक्का) गेट ही नावं तर वाटच दाखवतात. आता बावन्न मोजायला बसू नका, त्यात लहानमोठं सगळं धरलेलं असणार, आणि आज त्याचे निम्मेही उभे नाहीत. तट बहुतेक गेला. उरलेल्या कमानींवर वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण पुरे बघा. ज्यानं पुरंदरचा तह करवला त्या मिर्झाराजा जयसिंगाचं नाव जयसिंगपुऱ्याला. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा, पदमपुरा. पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा. शेजारी बेगमपुरा, अन् त्याला लागून बीबी का मकबरा. राजपूत सरदारांच्या छावण्या बसल्या, त्यांच्याभोवती कारागीर, बागवान, व्यापारी आले आणि शहर झालं. आज नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला अख्खा जिल्हा लोटतो, पण हा कर्ण कोण, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल? पोरांना शाळेत दरवाजांची नावं पाठ करायला लावतात, स्वतः राहतो त्या पुऱ्याचं मात्र काहीच सांगत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महापालिकेनं दरवाजांची डागडुजी करावी, रोषणाई करावी, माझी हरकत नाही. सोबत प्रत्येक पुऱ्याच्या तोंडाशी एक पाटी लावा: कुणी वसवला, इथं कोण राहायचं, काय धंदा चालायचा. मराठीत, उर्दूत, हिंदीत. सुरुवात पदमपुऱ्यापासून करा, रेल्वे स्टेशनवरून शहरात येणाऱ्या पाहुण्याला तो आधी लागतो.